आजचा शब्द ‘कंटॅमिनेशन’: कशाने, की कोणाचा?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ ते ३८. सोबत अध्याय ५, श्लोक १८.

आज श्लोकाआधी एका इंग्रजी शब्दाचा अभ्यास करू. आपल्यापैकी बरेच जण गीता इंग्रजी भाष्यातून वाचतात, लोकलमध्ये, मेट्रोत, फोनवर. त्या भाष्यांत एक शब्द वारंवार भेटतो: ‘कंटॅमिनेशन’. मन कंटॅमिनेटेड आहे, जीव कंटॅमिनेशनपासून मुक्त होतो, वगैरे. इंग्रजीत वाचताना काही अडत नाही. पण हेच घरी आजीला मराठीत सांगायचं म्हटलं की जीभ अडखळते. कोणी ‘दूषण’ म्हणतं, कोणी ‘अशुद्धी’, आणि कोणाच्या तोंडून पटकन ‘विटाळ’ निघून जातो.

एरवी शब्द चुकला तर फक्त अर्थ चुकतो. इथे शब्द चुकला तर समोरचा माणूस दुखावतो, आणि देवाच्या नावाने दुखावतो. म्हणून जरा सावकाश जाऊ.

१. शब्द कुठून आला?

‘कंटॅमिनेशन’ लॅटिनमधून आलाय. त्याच्या मुळाशी ‘टँगेरे’ हे क्रियापद आहे, अर्थ ‘स्पर्श करणे’. ‘कॉन’ म्हणजे एकत्र. म्हणजे दोन गोष्टी एकमेकींना लागल्या आणि एक मळली, इतकाच मूळ अर्थ. याच मुळातून ‘कॉन्टॅक्ट’ आला, ‘कंटेजन’ म्हणजे साथ आला, आणि ज्याला काहीच शिवलं नाही ते ‘इन्टॅक्ट’ही आलं.

आता आपले शब्द बघा. शिवणे, शिवाशिव, स्पृश्य-अस्पृश्य. आपल्याकडेही सगळं स्पर्शाभोवतीच फिरतं. म्हणजे सुरुवात दोन्ही भाषांची एकच. पुढे वाटा कुठे फुटल्या, हा आजचा धडा.

२. इंग्रजीत वापर कसा होतो?

क्रियापद ‘कंटॅमिनेट’, विशेषण ‘कंटॅमिनेटेड’, आणि जे मिसळलं तो पदार्थ ‘कंटॅमिनंट’. वाक्यात हा शब्द आला की मागोमाग बहुतेक वेळा ‘विथ’ किंवा ‘बाय’ येतो. ‘द वॉटर वॉज कंटॅमिनेटेड विथ सूएज.’ पाणी सांडपाण्याने दूषित झालं. ‘द सॅम्पल वॉज कंटॅमिनेटेड बाय डस्ट.’ नमुन्यात धूळ गेली.

हा ‘विथ’ लक्षात ठेवा. नुसतं ‘कंटॅमिनेटेड आहे’ म्हणून सोडलं तर ऐकणारा लगेच विचारतो, कशाने? उत्तर द्यावं लागतं: मैल्याने, शिशाने, बुरशीने, शेंगदाण्याच्या कणांनी. आणि उत्तर मिळालं की ते तपासता येतं, मोजता येतं.

जवळपासच्या शब्दांशी गल्लत नको. ‘अडल्टरेशन’ म्हणजे भेसळ. दुधात पाणी घालणारा ते मुद्दाम, फायद्यासाठी घालतो. कंटॅमिनेशन बहुतेक वेळा नकळत होतं. ‘पोल्यूशन’ म्हणजे प्रदूषण, हवा-नदीसारख्या मोठ्या पसाऱ्याला आणि अपाय होईल इतक्या प्रमाणाला आपण तो शब्द लावतो. ‘इन्फेक्शन’ म्हणजे जंतू जिवंत शरीरात शिरून वाढणं. पाणी कंटॅमिनेट होतं, ते पिणाऱ्याला इन्फेक्शन होतं. स्वयंपाकघरातलं ‘क्रॉस-कंटॅमिनेशन’ही ऐकलं असेल: कच्चं चिकन कापलेल्या सुरीनेच, न धुता, काकडी चिरणं.

एक उदाहरण आपल्या रस्त्यावरचं. तामलवाडी सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर आहे. कोजागरीच्या सुमारास भाविक सोलापूरकडून याच वाटेने चालत तुळजापूरला जातात. वाटेत ठिकठिकाणी लोक पाणी, फळं, फराळ वाटतात. थकलेल्या माणसाला पाणी देणं ही मोठी सेवा. पण ते पाणी चांगलं आहे हे कसं कळणार? नुसतं स्वच्छ दिसून चालत नाही. गावात जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि ‘ओटी टेस्ट’ करतो. नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली की पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. दुसरी चाचणी ‘एच-टू-एस’ बाटलीची. पाणी भरून ती एक-दोन दिवस ठेवायची. काळं पडलं तर पाण्यात मैल्याचे जंतू असण्याची शक्यता. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानकही स्पष्ट आहे: १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हा आतड्यातला जंतू अजिबात सापडता कामा नये.

या चाचण्यांमध्ये एक प्रश्न कुठेच नाही, बघा. पाणी भरलं कोणी? ग्लास कोणाच्या हातात होता? बाटलीला ते कळतच नाही. हात धुतलेले होते की नाही, एवढंच तिला कळतं.

३. मराठीतला दुसरा शब्द

आता ‘विटाळ’. याचं व्याकरण ऐका. ‘पाण्याला शिशाचा विटाळ झाला’ असं कोणी म्हणत नाही. विटाळ नेहमी माणसाचा असतो. अमक्याचा विटाळ, तमकीचा विटाळ. मृत्यूचं सुतक असो, बाळंतपणाचं सोहेर असो, की जातीची शिवाशिव, विचारायचा प्रश्न एकच: कोणाचा?

हा दोन शब्दांमधला खरा फरक आहे. कंटॅमिनेशन विचारतं, *कशाने?* विटाळ विचारतो, *कोणाचा?*

पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं की उपायही मिळतो. उकळा, गाळा, धुवा, क्लोरीन टाका. दुसऱ्याला उपाय नाही. माणूस कितीही आंघोळ करून आला तरी तो ‘तोच’ राहतो. जो मळ कोणत्याही साबणाने निघत नाही, तो अंगावर नसतोच. तो बघणाऱ्याच्या मनात असतो.

इंग्रजी बोलणारे यातून सुटले, असं मुळीच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी पिण्याच्या पाण्याचे वेगळे नळ होते. एकाच पाइपातलं पाणी, दोन तोट्या. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर कायद्याने ते बंद झालं. तेव्हा दोष एखाद्या भाषेचा नाही. ‘कशाने’ विचारायच्या जागी ‘कोणाचा’ विचारला की जगात कुठेही हेच होतं.

४. महाडचं पाणी

हे दोन प्रश्न समोरासमोर आले ते महाडला, चवदार तळ्यावर.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांनाही खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. प्रत्यक्षात कोणी पाण्याला हात लावू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी जमलेल्या हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले.

एवढंच घडलं. माणसं तळ्याचं पाणी प्यायली. त्याच तळ्यावर गुरं पाणी पीत होती, त्याला कोणाची हरकत नव्हती. पण त्या दिवशी परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले. आणि त्यानंतर तळं ‘शुद्ध’ करण्याचा विधी झाला. १०८ घागरी, त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र, आणि सोबत मंत्र. पाणी पुन्हा शुद्ध झालं असं जाहीर झालं.

आता दुसऱ्या भागातली चाचणीची बाटली आठवा. माणसाने ओंजळीने पाणी प्यायल्याने तळं दूषित झालं, असं ती सांगणार नाही. पण शेण घातल्यावर? ई-कोलाय राहतो तो जनावरांच्या आणि माणसांच्या आतड्यात, शेणातही तो असतो. म्हणजे ‘कशाने’ असा प्रश्न विचारला, तर तळं दूषित करणारी कृती शुद्धीकरणाचीच होती. ‘कोणाचा’ असा प्रश्न विचारणाऱ्यांना मात्र हे दिसूच शकलं नाही. गाईबद्दल अनादर म्हणून हे लिहीत नाही. शेणाची जागा शेतात आहे, सारवलेल्या अंगणात आहे. पिण्याच्या पाण्यात नाही.

पुढे २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा खटला चालत राहिला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षं! अस्पृश्यता संपल्याचं सांगणारं संविधानाचं सतरावं कलम आपण शाळेत पाठ केलं. त्यामागे हे पाणी आहे.

५. आपल्या संतांनी काय विचारलं?

हा प्रश्न बाहेरून आलेला नाही. आपल्या वारकरी परंपरेत तो सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारला गेलाय. चोखोबा आणि सोयराबाई, दोघंही ज्या जातीत जन्मले तिला देवळाच्या आत जागा नव्हती. सोयराबाईंचा मुद्दा अगदी सरळ होता. विटाळ जर देहाचाच असेल, तर देहाशिवाय जन्माला आलेला कोणी दाखवा. आई नाही, रक्त नाही, नाळ नाही, असा कोण आहे? मग सोवळा कोण आणि ओवळा कोण?

चोखोबांची समाधी आजही पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. जिवंतपणी जे दार उघडलं नाही त्याच दारासमोर. आणि ते दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावं लागलं. दर्शनाच्या रांगेत उभे असाल तेव्हा एवढं आठवा.

एकनाथ महाराजांची कथा तर सगळ्यांना माहीत आहे. रामेश्वराला वाहायला आणलेलं काशीचं गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. सोबतच्यांना वाटलं, कावड वाया गेली. नाथांच्या दृष्टीने ती तिथेच रामेश्वराला पोचली होती.

६. अर्जुनाचा ‘कशाने’

आता आजच्या श्लोकांकडे या. तिसऱ्या अध्यायात अर्जुन एक फार प्रामाणिक प्रश्न विचारतो. माणसाला पाप करायचं नसतं, तरी जणू कोणी ढकलल्यासारखा तो ते करतो. हे होतं कशाने? मूळ संस्कृतात इथे तृतीया विभक्ती आहे. म्हणजे अर्जुनाचा प्रश्न ‘कशाने’ असाच आहे. कोण पापी, कोणत्या कुळातला पापी, हे तो विचारत नाही.

भगवंतही ‘कशाने’चंच उत्तर देतात. काम आणि क्रोध. रजोगुणातून येणारे, कधी पोट न भरणारे. म्हणजे गीतेतल्या कंटॅमिनेशनला नाव आहे. ते माझ्यात तपासता येतं. आज सकाळी ट्रॅफिकमध्ये तोंडातून काय निघालं? कोणाच्या इन्स्टाग्रामवरचं घर बघून पोटात काय जळलं? हीच चाचणी. ही बाटली रोज रात्री स्वतःच बघायची.

पुढचा श्लोक तीन उपमा देतो. धुराने झाकलेला अग्नी, धुळीने झाकलेला आरसा, वेष्टनाने झाकलेला गर्भ. तिन्ही ठिकाणी क्रिया ‘झाकण्याची’ आहे. आरसा धुळीने खराब होत नाही, झाकला जातो. फडक्याने पुसला की पुन्हा तोच आरसा. धूर गेला की अग्नी तोच. म्हणून भाष्यातल्या ‘कंटॅमिनेशन’ला मराठीत ‘मळ’ म्हणा, ‘मालिन्य’ म्हणा, सर्वांत बरं म्हणजे ‘आवरण’ म्हणा. ‘विटाळ’ म्हणू नका. आवरण दूर करता येतं. विटाळ माणसाला कायमचा चिकटवला जातो.

आणि तिसरी उपमा बघितलीत का? गर्भाचं वेष्टन. ज्या बाळंतपणाला आपण सोहेर म्हणून बाजूला बसवतो, तेच भगवंतांनी ज्ञानाच्या उपमेसाठी निवडलं. किळस न करता, सहज.

पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक याचा निष्कर्ष समजा. विद्वान विनयशील ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सर्वांत खालचा ठरवलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी समान नजरेने बघतो. ज्याच्या आरशावरची धूळ गेली, त्याला समोर भेद दिसत नाहीत. भेद दिसत असतील तर आधी आपला आरसा पुसायचा.

७. आपल्या फ्लॅटमध्ये, आपल्या देवघरात

तुम्ही म्हणाल, आम्ही पुण्या-मुंबईत राहतो, कोण मानतं हे आता? तर दोन प्रश्न.

पहिला. घरी कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा आहे का? असेल तर का? त्या तुमची भांडी घासतात, पोळ्या लाटतात. त्यांच्या हाताने घासलेल्या ताटात तुम्ही जेवता. मग त्यांनी प्यायलेला कप धुतल्यावर तो ‘कशाने’ दूषित राहतो? याचं उत्तर देता येत नसेल तर तो विटाळच आहे, फक्त आता इंग्रजीत ‘हायजीन’ म्हणून येतो. जुना विटाळ निदान स्वतःचं नाव लपवत नव्हता.

दुसरा. महिन्याचे चार दिवस. ‘कावळा शिवला’ म्हणायचे, आठवतंय? तिथेही शिवणंच आहे. मुळात कावळा कुठेच नाही, शिवलं कोणीच नाही. शरीर आपलं काम करतंय. तरी कित्येक मुली आजही सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, कधी डॉक्टरांना न विचारता, कारण ‘देवाचं आहे’. देवाचंच म्हणाल तर आसामात कामाख्या देवीचं मंदिर आहे. आषाढात अंबुबाचीच्या वेळी देवीच रजस्वला झाली असं मानतात. दार बंद ठेवतात, आणि नंतर लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून मिळावा यासाठी लांबून आलेले भाविक थांबतात. देवीचं असेल तर प्रसाद, आणि तिच्या लेकीचं असेल तर विटाळ?

घरातल्या मोठ्यांशी भांडण काढा, असं मी म्हणत नाही. कोणाला त्या दिवसांत विश्रांती हवी असेल तर ती जरूर घ्यावी, तिच्या मर्जीने. पण एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच ‘लांब हो’ ऐकावं लागतं, तेव्हा तिच्या मनात एक गोष्ट कायमची बसते: देवाला मी चालत नाही. ते शब्द आपल्या तोंडून जाऊ नयेत, इतकं तर आपल्या हातात आहे.

आता उलट बाजू. विटाळ सोडायचा म्हणजे स्वच्छता सोडायची नाही. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रांमधून पटकी गावोगाव जायची. लोक मरीआईला साकडं घालायचे. पटकीचा जंतू मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो, हे कळलं तेव्हा उपाय सापडला. म्हणून ‘देवाचा प्रसाद आहे, काही होत नाही’ हेही बरोबर नाही. सकाळी केलेली खिचडी दिवसभर उन्हात ठेवली तर ती नैवेद्याची आहे म्हणून जंतू थांबत नाहीत. कोजागरीचं दूध तासन्‌तास कोमट राहिलं तर तेही नासतं. पाणी वाटणार असाल तर टाकी धुतलेली हवी, झाकलेली हवी, ओगराळं लांब दांड्याचं हवं. तुळजापुरात गोमुख तीर्थावर हातपाय धुऊन आपण आईपुढे जातो. रस्त्याची धूळ धुवायचीच. पायाच्या धुळीला नाव आहे, ती पाण्याने जाते.

थोडक्यात, शिवाशिव सोडा, साबण सोडू नका.

आजचा अभ्यास

१. आज दिवसभरात ‘घाण’, ‘अशुद्ध’, ‘बाटलं’, ‘चालत नाही’ असं मनात येईल तेव्हा लगेच विचारा: कशाने? उत्तरात एखादा पदार्थ आला तर धुवा, उकळा, फेकून द्या. उत्तरात माणूस आला तर थांबा. तिथे धुवायचं ते आपलं मन.

२. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं तिसऱ्या अध्यायातले हे तीन श्लोक अर्थासह वाचा. आज माझा आरसा कशाने झाकला गेला, त्याचं एकच नाव वहीत लिहा. राग, हाव, मत्सर, जे असेल ते. नाव लिहिल्याशिवाय झोपायचं नाही.

३. घरातला वेगळा कप असेल तर उद्या तो आपल्या कपांमध्ये ठेवून द्या. भाषण नको, स्टेटस नको. नुसता ठेवून द्या आणि उद्याचा चहा सोबत घ्या.

आजची प्रार्थना

आई, माझ्या हाताला स्वच्छतेची सवय दे आणि नजरेला भेदाची सवय लागू देऊ नकोस. माझ्या दारात तहानलेला कोणी आला तर पाणी निवळ असू दे, आणि देताना माझ्या मनात ‘हा कोण’ हा प्रश्न येऊ देऊ नकोस.

उद्याचं वाचन: अध्याय ३, श्लोक ३९ ते ४३. आवरण कुठे कुठे बसतं, हे भगवंत तिथे पत्त्यासकट सांगतात: इंद्रियं, मन आणि बुद्धी. वाचून या.

राम कृष्ण हरी!